शिमग्यापर्यंतचा झरा

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'हवामानबदल आणि जंगल' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी थोडा बिचकलोच. मी काही शास्त्रज्ञ नाही. माणगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, एवढीच माझी पुंजी. तेव्हा ध्रुवावरच्या बर्फाबद्दल मी आज बोलणार नाही. आमच्या गावातल्या दोन झऱ्यांबद्दल बोलणार आहे.

आमचं गाव निजामपूरच्या पलीकडे, ताम्हिणी घाट उतरून आलं की लागणाऱ्या डोंगरांच्या पायथ्याशी. गावामागे डोंगर, डोंगराला दोन सोंडा आणि प्रत्येक सोंडेखाली एक झरा. एक झरा गावदेवीच्या राईतून येतो. दुसरा आमच्या घराण्याच्या मालकी जंगलाखालून. डोंगर एक, खडक एक, वर पडणारा पाऊसही एकच. माझ्या लहानपणी दोन्ही झरे अक्षय्यतृतीयेपर्यंत वाहायचे. आज राईतला झरा भर मे महिन्यातही कळशी भरून देतो. आमचा झरा मात्र मध्यंतरी कित्येक वर्षं संक्रांतीलाच आटत होता.

हा फरक कशामुळे पडला, ते मला कोणत्याही पुस्तकात शोधावं लागलं नाही. १९८६ साली आमच्या आक्काचं लग्न ठरलं. घरात पैसा नव्हता. वडिलांनी डोंगर ठेकेदाराला तोडीला दिला. त्या काळी आमच्याकडे लग्न, आजारपण, घराची कौलं, सगळ्याला डोंगरच कामाला यायचा. ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ, सगळं सरसकट गेलं. लाकूड ट्रकमध्ये भरून गेलं आणि उरल्यासुरल्याच्या कोळसाभट्ट्या लागल्या. आक्काचं लग्न छान झालं. मी त्याबद्दल वडिलांना कधी दोष दिला नाही आणि आजही देत नाही. पण तोडलेलं जंगल खोडातून पुन्हा फुटतं, हे कोकणातल्या माणसाला माहीत असतं. आमचं फुटू शकलं नाही, कारण पुढची वीसेक वर्षं दर फाल्गुनात तिथे वणवा लागत होता. कुणी गवत चांगलं यावं म्हणून लावायचं, कुणी शिकारीसाठी, कुणी विडीचं थोटूक टाकायचं. आणि आम्ही घरात बसून म्हणायचो, 'आज डोंगर लागलाय.'

आता हवामानबदलाकडे येऊ. पुष्कळांना वाटतं की हवामानबदल म्हणजे पाऊस कमी होणं. आमच्याकडे तसं नाही. माणगावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. प्रश्न तो किती पडतो याचा नाही, कसा पडतो याचा आहे. हवा एका अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे ढगाची पोतडी मोठी झाली. ती उघडायला वेळ लागतो, पण उघडली की एकदम रिकामी होते. २०१७ साली रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असं त्यात दिसून आलं. हवामानबदलावर पुण्या-मुंबईत परिसंवाद होतात. तो आमच्याकडे मात्र रात्री दोन वाजता कौलांवर वाजतो.

२६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमारास आमच्या शेजारच्या महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातली तळिये वाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसं त्यात दगावली. आणि २५ जुलै २०२४च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत आमच्या डोक्यावरच्या ताम्हिणी घाटात ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात साधारण जेवढा पाऊस पडतो, तेवढा आमच्याकडे एका दिवसात पडला, असं मी माझ्या नातवाला सांगितलं. त्याचा प्रश्न होता, "मग आजोबा, मे महिन्यात आपल्याकडे टँकर का येतो?"

श्रोतेहो, तोच खरा प्रश्न आहे. आणि जंगलाची भूमिका या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

या विषयात दोन शब्द नेहमी येतात. एक शमन आणि दुसरा अनुकूलन. शमन म्हणजे हवेत जाणारा धूर कमी करणं, कार्बन शोषून घेणं. जंगल म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं, झाड कार्बन शोषतं. ते खरंच आहे. पण आमच्या डोंगरावरच्या झाडांनी कार्बन शोषला म्हणून माणगावचा पाऊस ताळ्यावर येणार नाही. तो साऱ्या जगाचा हिशेब आहे. अनुकूलन मात्र गावाचं गावात होतं. बदललेल्या हवामानात तग धरायचा, आला दिवस निभावून न्यायचा, म्हणजे अनुकूलन. आणि इथे जंगल आज, या वर्षी, या गावाच्या उपयोगी पडतं.

कसं, ते आमच्या दोन झऱ्यांवरून सांगतो. राईत शिरलं की पाय पाचोळ्यात घोट्यापर्यंत बुडतो. पाचोळ्याखाली काळी भुसभुशीत माती, त्यात मुळांची, वाळवीची, गांडुळांची हजारो छिद्रं. पावसाचा थेंब आधी पानावर आपटतो, मग फांदीवर, मग खालच्या झुडपावर. जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा जोर गेलेला असतो. तो मातीत जिरतो, खाली मुरमात आणि खडकाच्या भेगांत उतरतो आणि सावकाश चालत चालत चार-सहा महिन्यांनी झऱ्यातून बाहेर पडतो. उघड्या डोंगरावर तोच थेंब थेट मातीवर आपटतो. मातीचे बारीक कण उडून छिद्रं बुजतात आणि वर एक कडक पापुद्रा तयार होतो. मग पाणी जिरत नाही, धावतं. धावताना माती घेऊन जातं. जुलैत जे पाणी काळ नदीला गढूळ करून गावात शिरतं, तेच पाणी मे महिन्यात आपल्याला हवं असतं. पूर आणि टंचाई ही दोन वेगळी दुखणी नाहीत. एकाच उघड्या डोंगराची ती दोन टोकं आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. झाडं पाणी पितातसुद्धा. कुठलंही झाड कुठेही लावलं की झरे वाढतात, असं नाही. पश्चिम घाटात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, जगदीश कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैसर्गिक जंगल, उजाड झालेलं जंगल आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड यांखालची माती तपासली. पाणी मुरवण्याची ताकद नैसर्गिक जंगलाच्या मातीत सर्वांत चांगली आढळली. आपल्या कोकणातही डोंगरांवर सामाजिक वनीकरणाच्या नावाने ही ऑस्ट्रेलियन बाभूळ पुष्कळ लागली. लांबून डोंगर हिरवा दिसतो. जवळ जाऊन पाहावं, तर तिच्या पानांच्या जाड थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प झाला होता. आमच्या शाळेतल्या मुलांनीही उत्साहाने खड्डे खणले. झाडं लावावीत, जरूर लावावीत. पण खड्ड्यातलं रोप म्हणजे जंगल नव्हे. माती तयार व्हायला पिढ्या लागतात. म्हणून माझ्या मते आधी आहे ते जंगल राखणं, मग तुटलेलं आपोआप फुटू देणं आणि त्यानंतर नवी लागवड, असा क्रम हवा. आपण तो बरोबर उलटा लावला आहे.

दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. जंगल असलं की दरड कोसळणारच नाही, असं समजू नका. झाडाची मुळं वरच्या हातभर, दोन हात मातीला बांधून ठेवतात, उथळ घसरण रोखतात. पण आठ-दहा हात खालचा सारा थरच पाण्याने भरून सुटला, तर झाडांसकट डोंगर खाली येतो. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ती ठाकर समाजाची वाडी होती, रानात राहणारी, रान जपणारी माणसं. त्यांच्या वाट्याला हे यावं, याचं दुःख शब्दांत सांगता येत नाही. तिथे गरज होती ती वेळेवर इशाऱ्याची आणि सुरक्षित जागी घर मिळण्याची. जंगल हा अनुकूलनाचा एक खांब आहे, सगळं घर नव्हे. जंगलाच्या नावावर आपण बाकीची जबाबदारी झटकू नये.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या तालुक्यातून पुढे गेलं. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. श्रीवर्धनकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी झोपल्या. आमच्या राईतलेही चार मोठे वृक्ष पडले. पण पुढच्या पावसाळ्यात त्या चार जागी ऊन पोचलं आणि खाली वर्षानुवर्षं दबून राहिलेली रोपं पुरुष-दीड पुरुष वाढली. बाग पुन्हा उभी करायला माणसाला कर्ज काढावं लागतं. राईने स्वतःची डागडुजी स्वतः केली.

या राया आमच्या वाडवडिलांनी हवामानबदल डोळ्यांपुढे ठेवून राखल्या नव्हत्या. देवीचा धाक होता. पण धाकाच्या पोटात अनुभव होता. १९७०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. त्या काळात आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाने त्यांच्याकडे मदत मागितली होती. गावची काळकाईची राई तुटणार, अशी वेळ आली होती. गावकऱ्यांचं म्हणणं साधं होतं. राई गेली तर तिच्यातून येणारा ओढा जाईल. त्या राईत गारंबीची भलीमोठी वेल होती आणि तिच्या बियांसाठी लांबून माणसं येत. देव, ओढा आणि औषध, तिन्ही एकाच जागी. ज्याला आज आपण अनुकूलन म्हणतो, ते गाणीच्या माणसांना हा शब्द न वापरता कळलेलं होतं.

जंगल फक्त पाण्यापुरतं नाही. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीस, क्यार वादळाच्या दिवसांत, कापून ठेवलेलं भात शेतात भिजलं आणि त्याला कोंब आले. आता असा अवेळी पाऊस ही नवलाई राहिलेली नाही. शेती एका रात्रीत जाते, तेव्हा घरात काय शिजतं? आमच्या डोंगराखाली कातकऱ्यांची वाडी आहे. मृगाच्या तोंडावर शेवळं आणि काकडं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, पुढे करांदे, उन्हाळ्यात करवंदं, आंबे, मोहाची फुलं. रान आहे तोवर त्या वाडीत अगदीच उपास पडत नाही. सगळी पिकं एकाच पावसाने बुडतात, रानातली शंभर प्रकारची झाडं एकाच पावसाने बुडत नाहीत. गरिबाचा हा विमा आहे आणि त्याचा हप्ता म्हणजे रान राखणं.

त्या वाडीवरच्या एका म्हातारीने मला एकदा चांगलंच ऐकवलं होतं. मी तिला म्हटलं, "आजी, तुम्ही लोक लाकूड नेता, मग डोंगर कसा राहणार?" ती मोळी खाली ठेवून म्हणाली, "गुरजी, मी नेते ती काटकी. टरक भरून कुनी नेला?" मी गप्प बसलो. ट्रक आमच्या अंगणातून गेला होता.

म्हणून जंगल राखायचं तर ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना बाहेर हाकलून ते राखलं जाणार नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपलं सामूहिक जंगल सांभाळण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९मध्ये मिळाला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे छोटं आदिवासी गाव त्याच्याही आधीपासून हे करत आलं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डोंगर बोडका होता, बायका पाण्यासाठी वणवण करत होत्या. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून कुऱ्हाडबंदी केली, चराईला शिस्त लावली, मोडणाऱ्याला दंड ठेवला. काहीशे हेक्टर जंगल पुन्हा उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं. चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी काही मोठं यंत्र आणलं नाही. तुटणारं थांबवलं आणि वाट पाहिली.

आमच्या कोकणात मात्र अडचण निराळी आहे. इथलं पुष्कळ जंगल सरकारी नाही, मालकीचं आहे. म्हणजे ते तुमच्या-माझ्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर आहे. ग्रामसभेचा ठराव माझ्या डोंगराला लागू होत नाही. तिथे निर्णय माझ्या घरात होतो. आणि सगळ्यात अवघड जागा तीच आहे.

२०१०पासून मी आणि गावातली सहा-सात मुलं दर माघात डोंगराभोवती जाळरेषा काढतो. दहा हात रुंदीचा पट्टा साफ करायचा, म्हणजे वणवा आलाच तर तिथे थांबतो. कातकरीवाडीवरची माणसं मजुरी घेऊन या कामाला येतात आणि रानातली करवंदं, मोहाची फुलं त्यांची, असं आमचं ठरलेलं आहे. राबासाठी झाड पार सोलायचं नाही, शेंड्याच्या फांद्या ठेवायच्या, हेही हळूहळू पटलं. तीनदा वणवा आत शिरला. दोनदा आम्ही रात्री ओल्या फांद्यांनी झोडपून तो विझवला, एकदा निम्मा डोंगर गेला. तरी खोडं पुन्हा फुटली. आज ऐन-किंजळ दोन पुरुष उंच झाले आहेत. मी वहीत दरवर्षी झरा आटल्याची तारीख लिहून ठेवतो. संक्रांतीची तारीख आधी रथसप्तमीकडे सरकली, मग महाशिवरात्रीकडे.

आणि नेमकं आताच डोंगराला गिऱ्हाईक आलं आहे. घाटाच्या पायथ्याला फार्महाऊसना मागणी आहे. धबधबा दिसतो, हवा थंड, पुणं जवळ. भाव असा आहे की मास्तरकीच्या तीस वर्षांत मी तेवढा पैसा पाहिला नाही. डोंगर तिघांच्या नावावर आहे, माझ्या, आक्काच्या आणि धाकट्या भावाच्या. भावाच्या मुलाला शिकायला बाहेर पाठवायचं आहे. तो मला म्हणाला, "दादा, तुझा झरा माझ्या पोराची फी भरणार आहे का?" मी त्याला काय उत्तर देणार? १९८६ साली वडिलांपुढे हाच प्रश्न होता. फक्त तेव्हा लग्न होतं, आज शिक्षण आहे.

हे मी घरातलं भांडण चव्हाट्यावर आणण्यासाठी सांगत नाही. कोकणात हा प्रश्न आज घरोघर आहे. माझ्या डोंगरात जिरलेलं पाणी खालच्या साऱ्या वाड्या पितात, पण डोंगर राखण्याचा तोटा एकट्या मालकाच्या अंगावर पडतो. पाणी गावाचं आणि त्याग एका घराचा, हे फार दिवस चालत नाही. जो आपलं मालकी जंगल उभं ठेवतो, त्याला गावाने, सरकारने आणि खालचं पाणी वापरणाऱ्यांनी काहीतरी मोबदला द्यायला हवा. धरणं, बंधारे, पूर ओसरल्यावरची मदत, यांवर आपण खर्च करतोच. त्यातला थोडा वाटा पूर अडवणाऱ्या डोंगराला मिळाला, तर तो दानधर्म ठरणार नाही. तो मजुरीचा पैसा आहे.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं भावंडं बसलो. आक्का आता सत्तरीला आली आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या लग्नाला एकदा गेलाय तो. पुन्हा नको." रस्त्याकडेचा भाताचा तुकडा माझ्या नावावर आहे. तो विकून भावाचा डोंगरातला हिस्सा मी घ्यावा, असं बोलणं चाललं आहे. भावाला पैसे कमी वाटतात आणि त्याचं चूक आहे असंही मला म्हणवत नाही. अजून कागद झालेला नाही.

झऱ्याचं विचाराल, तर वहीतली शेवटची नोंद शिमग्याची आहे. होळी पेटली त्या रात्री पालखीसाठी पाणी आम्ही आमच्या झऱ्यावरून आणलं. १९८६नंतर पहिल्यांदाच. अक्षय्यतृतीया अजून दीड-दोन महिने लांब आहे.